मोठ्या कुटुंबाची हसरी पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी पुस्तकं देण्या-घेण्याला बसते. मी सात भावंडांतली पाचवी, आणि माझी स्वतःची मुलं चार. खूप मुलांच्या घराबद्दल कुणी हसतखेळत लिहिलेलं पुस्तक दिसलं की मी ते हातातलं काम टाकून वाचते, आणि मग येईल त्याच्या गळ्यात मारते. त्यावरून लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

मोठ्या कुटुंबाची पुस्तकं म्हणजे कुठली? आमच्याकडे ‘तुंबाडचे खोत’ आहे, ते चालेल का?

‘तुंबाडचे खोत’ थोर कादंबरी आहे, पण तिचं कपाट वेगळं. घराण्याची पडझड, भाऊबंदकी, वाटण्या हे सगळं मराठीत भरपूर आणि उत्तम लिहिलं गेलंय. ‘वाडा चिरेबंदी’ वाचताना मला आमच्या आजोळच्या घराचे कुलूपबंद दरवाजे आठवतात आणि घसा दाटून येतो.

मी म्हणते ती पुस्तकं मुलं वाढवण्याची. आंघोळी, जेवणं, अभ्यास, गोवर-कांजिण्या, प्रवास ही रोजचीच कामं, पण प्रत्येक कामाला सहाने नाहीतर बाराने गुणलेलं. आणि ते जवळून पाहणारं, लिहून ठेवणारं माणूस त्याच घरातलं. यात दोन जाती पडतात. एक आईने लिहिलेली, दुसरी त्या घरातल्या मुलांनी मोठं झाल्यावर लिहिलेली. दोन्हींची चव वेगळी असते, ते पुढे येईलच.

सुरुवात कुठून करू?

‘चीपर बाय द डझन’पासून. हे पुस्तक १९४८ साली अमेरिकेत निघालं. लिहिलं फ्रँक गिलब्रेथ धाकटे आणि त्यांची बहीण अर्नेस्टीन यांनी. बारा भावंडांतली ही दोन.

त्यांचे वडील फ्रँक गिलब्रेथ तरुणपणी गवंडीकाम करत. तिथे त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक गवंडी वीट उचलून बसवताना कितीतरी हालचाली उगाच करतो. त्या कमी कशा करता येतील यावर त्यांनी आयुष्य घातलं आणि कारखान्यांना तेच शिकवलं. आता असा माणूस बारा मुलांचा बाप झाल्यावर काय होईल? न्हाणीघरात तक्ते लावलेले. दात घासले, आंघोळ झाली, वजन केलं की मुलाने आपल्या नावापुढे सही करायची. आंघोळीच्या वेळेत फ्रेंच आणि जर्मन शिकावं म्हणून तिथेच ग्रामोफोन. वडील जाकिटाची बटणं खालून वर लावत, कारण त्याला तीन सेकंद लागतात आणि वरून खाली लावायला सात. दाढी दोन वस्तऱ्यांनी करून पाहिली. चव्वेचाळीस सेकंद वाचले, पण गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं गेली, म्हणून सोडून दिलं. वडिलांनी शीळ घातली की सगळ्या मुलांनी हातातलं टाकून धावत येऊन उभं राहायचं, आणि वडील घड्याळ धरून मोजणार.

पुस्तकाच्या नावाची गोष्टही गोड आहे. गाडीत खच्चून भरलेली मुलं पाहून कुणी विचारलं, एवढी कशी हो, की वडिलांचं उत्तर ठरलेलं: डझनावारी घेतली की स्वस्त पडतात.

इंग्रजी सोपं आहे. बारावी झालेल्या कुणालाही शब्दकोश न उघडता वाचता येईल. प्रकरणं सुटी सुटी आहेत, त्यामुळे रोज एक वाचलं तरी चालतं.

त्यातलं सगळं खरं आहे का?

बरंचसं. पण एक मोठी गोष्ट पुस्तकात आलेली नाही, आणि ती वाचकाला ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. बारापैकी मेरी नावाची मुलगी १९१२ साली घटसर्पाने गेली, पाच वर्षांची असताना. सगळ्यात धाकटं मूल १९२२ चं. म्हणजे बाराही मुलं एका वेळी त्या घरात कधीच नव्हती. पहिलं पुस्तक वाचताना मात्र बाराचा मेळा भरल्यासारखंच वाटत राहतं.

हे कळल्यावर मला राग आला नाही, उलट पुस्तक जास्त जवळचं झालं. माझ्या आईची आठ बाळंतपणं झाली आणि आम्ही सात आहोत. आई कधीही ‘सात’ म्हणत नसे. ‘माझी आठ’ असंच म्हणायची. मोजणी घरातल्या माणसांची असते, हजेरीपटाची नव्हे.

दुसरा एक किस्सा लेखकांनी स्वतःच हातचा राखून सांगितलाय. आई व्याख्यानाला बाहेरगावी गेली, मुलं वडिलांवर सोपवून. परत आल्यावर विचारलं, काही त्रास झाला का? वडील म्हणाले, नाही, तो एक तिकडचा ऐकत नव्हता, त्याला एक चापट दिली. आई म्हणाली, अहो, तो आपला नाही, शेजारचा आहे. ही चापट खाल्लेलं कुणी आठवत नाही, तेव्हा वडिलांनी रचलेली गंमत असेल, असं लेखक म्हणतात.

मला विचाराल तर असं होऊ शकतं. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या जत्रेतून रात्री परत येताना माझ्या आईने बसमध्ये डोकी मोजली. सात भरली. ‘सगळीं आयलीं?’ ‘आयलीं!’ बस सुटली. फर्मागुडीच्या चढाला कंडक्टर तिकिटं फाडत आला, तेव्हा कळलं की सातवं डोकं शेजारच्या काकींच्या बाबूचं आहे आणि आमची धाकटी मागेच राहिली. बाबा उतरून धावत मागे गेले. ती खाज्यांच्या दुकानाच्या फळीखाली, गोणपाटावर, मुठीत आल्याचं खाजं धरून गाढ झोपली होती. उठवल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘म्हाका विसरल्यात?’ बाबांना काही बोलता येईना. आज ती पन्नाशीला आलीय, पण घरात कुणी डोकी मोजायला लागलं की ती आधी हात वर करते.

आयांनी लिहिलेली पुस्तकं वेगळी कशी?

त्यांत कोण भांडी घासतं ते दिसतं.

हे माझं या पुस्तकांकडे बघण्याचं माप आहे आणि मी ते सोडत नाही. मुलांच्या आठवणींत जेवण ताटात येतं. आईच्या पुस्तकात ते आधी चुलीवर असतं, त्याच्याही आधी बाजारात असतं, आणि त्याच वेळी एक मूल तापाने फणफणत असतं. तरीही ती बाई हसते आणि आपल्याला हसवते. त्या हसण्याची किंमत फार मोठी आहे.

शर्ली जॅक्सन यांचं ‘लाइफ अमंग द सॅव्हेजेस’ घ्या. १९५३ सालचं. या बाई भयकथा लिहिणाऱ्या म्हणून नावाजलेल्या. पण इथे व्हरमाँटमधलं जुनं घर, नवरा, पुस्तकांचे ढीग आणि वाढत जाणारी मुलं. चौथं मूल जन्माला येतं तिथे पुस्तक संपतं. त्यात एक प्रसंग आहे: बाळंतपणासाठी त्या इस्पितळात जातात, टेबलावरची बाई फॉर्म भरताना विचारते, व्यवसाय? त्या सांगतात, लेखिका. बाई म्हणते, मी गृहिणी लिहिते. त्या पुन्हा म्हणतात, लेखिका. फॉर्मवर गृहिणीच लागतं. एवढ्या दोन-चार ओळींत किती बायकांचं आयुष्य आलंय! शनिवारी मी हे पान ज्या ज्या बाईला वाचून दाखवलं, ती आधी हसली आणि मग गप्प झाली.

याच पुस्तकात ‘चार्ल्स’ नावाची गोष्ट आहे. मुलगा बालवाडीतून रोज घरी येऊन चार्ल्स नावाच्या द्वाड पोराचे पराक्रम सांगतो. शेवट मी सांगत नाही. पुढचं पुस्तक ‘रेझिंग डीमन्स’, १९५७ चं.

त्याच वर्षी जीन कर यांचं ‘प्लीज डोन्ट ईट द डेझीज’ आलं. पाहुणे यायचे म्हणून आई मुलांना काय काय करायचं नाही याची लांबलचक यादी देते. फक्त टेबलावरच्या फुलदाणीतली फुलं खायची नाहीत, हे सांगायचं राहतं. शेवटी त्यांची मुलं सहा झाली. पुस्तक छोट्या लेखांचं आहे, सगळेच लेख मुलांवर नाहीत, काही मला मध्यमच वाटले. पण फुलांचा लेख आणि शाळेच्या डब्यांच्या घाईत असलेली कुठलीही आई यांची गाठ पडली पाहिजे.

आणि गिलब्रेथ घरातली आई? लिलियन गिलब्रेथ. मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली, नवऱ्याच्या बरोबरीने काम करणारी. १९२४ च्या जूनमध्ये फ्रँक अचानक गेले. युरोपात ठरलेल्या परिषदांना त्यांच्याऐवजी ही गेली, आणि परत येऊन अकरा मुलं वाढवली. पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाली. स्वयंपाकघरातला ओटा, कपाटं, फ्रिज कुठे असावा म्हणजे बाईची पायपीट वाचेल, यावर तिने केलेलं काम आजच्या स्वयंपाकघरांतही आहे. मुलांनी लिहिलेला दुसरा भाग ‘बेल्स ऑन देअर टोज’ (१९५०) तिच्या या काळाचा आहे. लोक पहिलाच भाग वाचून थांबतात. थांबू नका.

मराठीत असं काही आहे का?

आहे, पण थोडं हुडकावं लागतं.

हसण्यासाठी चि. वि. जोशींचे चिमणराव. बायको काऊ, मोरू-मैना ही मुलं, चुलतभाऊ गुंड्याभाऊ. कुटुंब काही डझनभर मुलांचं नव्हे, पण घरात सतत कुणीतरी आहे, काहीतरी बिघडतंय आणि चिमणराव भाबडेपणाने ते अजून बिघडवतायत. ज्यांनी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांना त्या भूमिकेत पाहिलं, त्यांना वाचताना तोच आवाज ऐकू येतो.

मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने आली. या पुस्तकाला विनोदी म्हटलं तर कुणी रागावेल, पण मी म्हणणार. रेव्हरंड टिळकांच्या घरात कोण कधी जेवायला येईल, कोण राहूनच जाईल याचा नेम नाही, आणि हातात पैसा ठरत नाही. अशा संसारात त्या बाईने आपला आनंद शाबूत ठेवला. बोलावं तसं लिहिलंय. मोठी घरं कशी चालतात हे शिकायचं असेल तर मी हे पुस्तक पहिलं देईन.

‘चौघीजणी’ म्हणजे ‘लिटल विमेन’चा शांता शेळक्यांनी केलेला अनुवाद. चार बहिणी, आई, लढाईवर गेलेले वडील. दहा-बारा वर्षांच्या मुलींना हेच द्या. मुलांनाही द्या, तीही वाचतात.

आमच्या आज्या-पणज्यांनी मात्र लिहिलं नाही. आठ-दहा मुलं, गोठा, कुळागर, सोवळं-ओवळं यांतून हातात बोरू यायला वेळ कुठला? त्यांनी ते जात्यावर गायलं आणि सोप्यावर बसून सांगितलं. ते ज्यांनी ऐकलं त्यांनी आता लिहायला हवं.

गोव्याच्या घरांबद्दल वाचायचं असेल तर?

सत्तरीतल्या आंबेडे गावचे महादेवशास्त्री जोशी. भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात, पण त्यांचं ‘आत्मपुराण’ वाचा. वि. स. सुखठणकरांच्या ‘सह्याद्रीच्या पायथ्याशी’ या कथाही गोव्याच्याच मातीतल्या. ही हसरी पुस्तकं नव्हेत, पण आपली घरं, आपली माणसं त्यांत भेटतात.

हल्ली गोव्यात कुणाला एवढी मुलं असतात? मग हे वाचून काय उपयोग?

खरंय, नसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा एकूण प्रजनन दर १.३ आला. म्हणजे बाईमागे सरासरी दीड मूलसुद्धा नाही. आमच्या वाड्यावर बहुतेक घरांत एकच मूल आहे.

म्हणूनच मी ही पुस्तकं त्या मुलांच्या हातात देते. एका मुलाने मला विचारलं, ‘बाय, सगळ्यांना एकच न्हाणी? मग रांग लावायची?’ त्याला रांग हा शब्द रेशनच्या दुकानापुरता ठाऊक. भावाचा जुना शर्ट घालणं, शेवटची पातोळी पाच जणांत तोडणं, मोठ्या बहिणीकडून पाढे शिकणं, हे सगळं त्याला गोष्टीसारखं वाटतं. आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तोच मुलगा मूळ घरी जातो, तिथे एकदम तीस माणसं. गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली चुलत भावंडांच्या गर्दीत तो गोंधळतो. पुस्तकात अशी गर्दी पाहिलेली असली की जरा कमी बुजतो.

ही पुस्तकं जास्त मुलं व्हावीत असं सांगतात का?

नाही. आणि कुणी तसा अर्थ काढू नये. गिलब्रेथांच्या घरी स्वयंपाकाला बाई होती आणि वरकामाला गडी होता, हे विसरू नका. किती मुलं हवीत हा त्या त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा प्रश्न. पुस्तकाने त्यात पडू नये, सासूनेही पडू नये.

मुलांना कुठल्या वयात द्यावीत?

स्वतः वाचायला बारा-तेराच्या पुढे. मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर सात-आठ वर्षांची मुलंही खिदळतात. जुन्या पुस्तकांत मुलांना मारणं सर्रास येतं, आणि परक्या समाजाच्या माणसांची थट्टाही काही ठिकाणी आहे. ती पानं मी गाळत नाही. वाचून झाल्यावर मुलांना विचारते, हे बरोबर वाटलं का? मुलं नीट उत्तर देतात.

प्राणी आवडणारं मूल असेल तर जेराल्ड ड्यूरेल यांचं ‘माय फॅमिली अँड अदर अॅनिमल्स’ (१९५६). हे लेखक जन्मले आपल्या जमशेदपूरला. विधवा आई, चार मुलं, ग्रीसमधलं कॉर्फू बेट, आणि घरभर विंचू, कासवं, घुबड. चार मुलांचं घर काही फार मोठं नव्हे, पण आमच्या कपाटात ते याच खणात आहे.

कुठे मिळतील?

पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आधी बघा. हे ग्रंथालय १८३२ सालापासूनचं आहे, आणि ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या कृष्णदास शामांनी १५२६ साली गोव्यात बसून मराठीत कृष्णचरित्र लिहिलं. इंग्रजी पुस्तकं जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. मराठी पुस्तकांसाठी दिवाळीच्या आसपासची प्रदर्शनं बरी.

आमच्या घरच्या गमती लिहायच्या आहेत. कशा लिहू?

हा प्रश्न कुणी विचारला की माझा शनिवार सार्थकी लागतो.

वही स्वयंपाकघरात ठेवा, कपाटात नको. त्याच दिवशी लिहा. मूल जे बोललं तेच शब्द लिहा, सुधारू नका. आपल्याकडे घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं मराठीत, म्हणून पुष्कळ जण मुलाचं वाक्य लिहिताना त्याचं शुद्ध मराठी करून टाकतात आणि त्यातला जीव जातो. ‘म्हाका विसरल्यात?’ याचं मी मराठी केलं असतं तर ते वाक्य मेलं असतं.

वस्तू लिहा. आमच्या घरी स्टीलचे सात पेले होते, सगळे सारखे. कुणाचा कुठला यावरून रोज भांडण. शेवटी बाबांनी खिडक्यांना लावून उरलेला ऑइलपेंट आणला आणि प्रत्येक पेल्याच्या बुडाला एकेक ठिपका दिला. रंग तीनच होते. म्हणून कुणाला एक हिरवा, कुणाला दोन हिरवे, कुणाला हिरवा-पांढरा. मला पांढरा-तांबडा. दूध पिताना पेला पूर्ण उपडा केल्याशिवाय आपला आहे की नाही ते दिसायचं नाही, म्हणून दूध उरवायची सोयच राहिली नाही. आईच्या पेल्याला ठिपका नव्हता. तिचा पेलाच नव्हता. ती आमच्यापैकी कुणाच्या तरी उरलेल्यात चहा ओतून घ्यायची. हे माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षं गेली, आणि तेही लिहायला बसले तेव्हा.

मुलांच्या खोड्या छापणं बरोबर आहे का? ती मोठी झाल्यावर रागावतील.

विचारा. माझ्या थोरल्याने वहीतली दोन पानं फाडायला सांगितली, मी फाडली. त्याचा तो हक्क आहे. अंथरूण ओलं करणं, परीक्षेत नापास होणं, पहिलं प्रेम, यांतलं काही मी कुणाला वाचून दाखवत नाही. हसणं मुलासोबत असावं.

चवथीला मोठ्या घरी एकच पुस्तक न्यायचं तर?

शर्ली जॅक्सनचं. ‘चार्ल्स’ साधारण दहा-पंधरा मिनिटांत मोठ्याने वाचून होते, आणि चालता चालता मराठी करत गेलात तर आज्यांनाही कळते. गेल्या चवथीला दुपारी खतखतं-पातोळ्यांवर सगळे आडवे झाले होते तेव्हा मी राजांगणाच्या कडेला बसून वाचली. पोरं भोवती, मोठी माणसं डोळे मिटून. गोष्ट संपल्यावर माझी नव्वदीची काकी, जिने सहा मुलं वाढवली, खांबाला टेकूनच म्हणाली, ‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं तो चार्ल्स कोण ते.’ मग पुतण्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आता याच्या बापाची सांगते, बस.’ आणि मी वही आणायला उठले.